स्नेहसंमेलनाचा निधी
शास्त्रपाठ : २ करिंथ ८:१८-२१



यरुशलेमेतील गरजूंसाठी जमलेली वर्गणी पौलाने एकट्याने हाताळली नाही. तीताबरोबर त्याने मंडळ्यांनी निवडलेला एक बंधूही पाठवला, म्हणजे पैशांवरून कोणी बोट दाखवू नये. पदविकेला असताना हा उतारा मी परीक्षेपुरता वाचला होता. तो खरा उमगला आमच्या सातपुड्यातील वसतिगृहाच्या स्नेहसंमेलनामुळे.

पहिल्या वर्षी आम्ही प्रत्येक मुलाच्या हाती पावतीपुस्तक देऊन ५०० रुपये आणायला सांगितले. वर कार्यक्रमात नावे आणि रकमा वाचून दाखवल्या. एका मुलाचे आईवडील ऊसतोडीला गुजरातेत गेले होते. त्याच्या नावापुढे शून्य. नाटकात त्याचे काम होते, पण ऐन वेळी तो सापडेना. शेवटी नाल्याकाठी बसलेला दिसला. ती चूक माझी होती. तेव्हापासून मुलाला रक्कम ठरवून द्यायची नाही आणि डबा घेऊन दारोदार पाठवायचे नाही, असा नियम केला.

पुढच्या वेळी मुलांनाच खर्च मांडायला बसवले. मंडप व ध्वनिक्षेपक ६,०००, जेवण ८,०००, पोशाख व बक्षिसे ४,०००. एकूण १८,०००. मुलीच म्हणाल्या, पोशाख घरचेच घालू. २,५०० तिथेच वाचले. मागण्याआधी कात्री लावावी, हे आम्हा मोठ्यांना सुचत नाही.

मग विकायचे काय? आमच्याकडे घरोघरी कैरी चिरून वाळवतात, तेव्हा आमचूर. पण संमेलन डिसेंबरात असले, तरी आमचूर मे महिन्यातच घ्यावा लागतो आणि पावसाची ओल लागू नये म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा लागतो. म्हणून तयारी सात महिने आधी सुरू झाली. पालक फुकट द्यायला तयार होते. आम्ही नाही म्हटले. ४० किलो, १५० रुपये भावाने, ६,००० रुपये रोख मोजले. पिशव्या व चिठ्ठ्यांना ४०० लागले. १०० ग्रॅमचे ४०० पुडे प्रत्येकी ४० रुपयांना गेले. १६,००० हाती येताच मुले नाचू लागली. खर्च वजा करून ९,६०० उरतात हे फळ्यावर मांडल्यावर जरा शांत झाली. गणिताचा असा तास मी दुसरा पाहिला नाही.

बाकीचे सुगीच्या सणाच्या लिलावातून मिळाले, ७,५००. एका मावशींनी दुधी भोपळा ३०० रुपयांना घेतला आणि पुन्हा लिलावाला ठेवला. असा तो तीनदा विकला गेला!

पैसे रोज संध्याकाळी तिघे मोजत : एक शिक्षक, एक पालक, एक विद्यार्थी. तिघांच्या सह्यांचा कागद भिंतीवर लागे. माझ्या खोलीत रात्रभर रक्कम ठेवायलाही मुलांनी आधी मला सही करायला लावली. मला थोडे लागले, खोटे कशाला बोलू?

शिल्लक उरली तर पुढच्या मे महिन्याच्या आमचुरासाठी ठेवायची, हेही त्याच भिंतीवर आधीच लिहिले होते. १५,५०० चा खर्च भागून १,६०० उरले, तेव्हा एका पाहुण्यांनी सुचवले की यातून सरांना शाल-श्रीफळ द्यावे. सातवीतली एक मुलगी उठली आणि काही न बोलता भिंतीवरच्या कागदाकडे बोट दाखवून उभी राहिली.