हवामान बदल : दुःख, कारण आणि मार्ग

'हवामान बदल' हा शब्द आज वर्तमानपत्रांत आणि शाळेच्या पुस्तकांत वारंवार येतो. तो ऐकला की डोळ्यांसमोर दूर कोठेतरी वितळणारा बर्फ उभा राहतो. आपल्या घरावरचा पत्रा, दारातले पाण्याचे पिंप आणि महिन्याचा पगार यांच्याशी त्याचा काही संबंध असेल असे सहसा वाटत नाही. तो संबंध कसा आहे, त्याची झळ कोणाला अधिक बसते आणि संस्थेचे सभासद व विद्यार्थी म्हणून आपण काय करू शकतो, याचा विचार प्रस्तुत लेखात आम्ही करीत आहोत.

तथागत भगवान बुद्धांनी दुःखाचा विचार चार पायऱ्यांनी करावयास शिकविले. दुःख आहे, दुःखाला कारण आहे, कारण दूर केले की दुःख दूर होते, आणि ते दूर करण्याचा मार्ग आहे. वैद्य रोग्याला तपासतो तीच ही रीत. हवामानाच्या प्रश्नाकडेही आपण याच रीतीने पाहू.

१. दुःख काय आहे?

प्रथम एक भेद लक्षात घ्यावा. आज ऊन कडक आहे, उद्या पाऊस पडेल, हे झाले रोजचे हवामान. अनेक दशकांची सरासरीच जेव्हा बदलत जाते तेव्हा त्यास हवामान बदल म्हणतात. एखादा उन्हाळा सौम्य गेला म्हणून हवामान बदल खोटा ठरत नाही, आणि एखादा पूर आला म्हणून तो एकट्या हवामान बदलानेच आला असेही म्हणता येत नाही.

जगात यंत्रयुग सुरू होण्यापूर्वी पृथ्वीचे जे सरासरी तापमान होते, त्याहून दीड अंश सेल्सिअसपेक्षा अधिक तापमान असलेले पहिले वर्ष म्हणून २०२४ या वर्षाची नोंद जागतिक हवामान संघटनेने केली आहे. दीड अंश ऐकावयास थोडा वाटतो. परंतु माणसाचे अंग ३७ अंशांवरून साडेअडतीस अंशांवर गेले तर तो कामावर जाऊ शकत नाही, हे आपण जाणतो. पृथ्वीचेही तसेच आहे.

हवा एक अंशाने तापली की ती सुमारे ७ टक्के अधिक बाष्प धरून ठेवते. त्यामुळे पाऊस दडी मारतो आणि पडतो तेव्हा कोसळतो. पुण्यात पाषाण येथे असलेल्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०१७ साली दाखवून दिले की, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतातील व्यापक अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्याला पूर आला आणि त्या अतिवृष्टीत पुणे परिसरातील वीसहून अधिक माणसे दगावली. पाऊस मोठा होता हे खरे. पण ओढ्याचे पात्र आवळले गेले होते, हेही तितकेच खरे. २०२५ साली तर एरवी जूनच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास येणारा मोसमी पाऊस २६ मे रोजीच पुण्यात दाखल झाला. त्या मे महिन्यातील पावसाने राज्यात ठिकठिकाणी काढलेला कांदा शेतातच भिजला. चाकणच्या कांदा बाजाराशी ज्यांचे पोट जोडलेले आहे, त्यांना यापेक्षा अधिक सांगावयास नको.

आता आपल्या गावाकडे या. चऱ्होली बुद्रुक १९९७ साली पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत समाविष्ट झाले. त्यानंतर इंद्रायणीकाठच्या शेतजमिनींवर मोठमोठ्या इमारती व रस्ते झाले. मातीत पाणी मुरते. सिमेंटवरून ते वाहून जाते. सिमेंट दिवसा तापते आणि रात्री ती उष्णता बाहेर सोडते, म्हणून रात्रही पूर्वीसारखी निवत नाही. भोसरी किंवा चाकणच्या कारखान्यातून रात्रपाळी करून सकाळी परतलेला कामगार एप्रिल-मे मध्ये पत्र्याखाली झोपणार कसा? झोप अपुरी राहिली की दुसऱ्या रात्री यंत्रावर हाताला धोका. मजूर अड्ड्यावर उभे राहणारे, बांधकामावर घमेली वाहणाऱ्या भगिनी, सफाई कामगार, यांना तर सावलीचा पर्यायच नसतो.

दुसरे उदाहरण पाण्याचे घेऊ. पिंपरी-चिंचवड शहरात नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पाणीपुरवठा सुरू झाला. त्याचे मुख्य कारण वाढती लोकसंख्या व अपुरा पुरवठा हे होते. बेभरवशाचा पाऊस ही त्यावरची भर आहे. पाणी रोज आले नाही की घरात पिंपे भरून ठेवावी लागतात. उघड्या पिंपातील स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो आणि उष्ण हवेत आठवडाभरात नवे डास तयार होतात. मग घरात ताप येतो, तापाने कामावर खाडे पडतात, खाड्याने पगार कापला जातो, आणि औषधपाण्यासाठी उसनवारी करावी लागते. पिंपापासून कर्जापर्यंतची ही साखळी नीट पाहा. प्रतीत्यसमुत्पाद म्हणजे काय, हे विद्यार्थ्यांनी याच उदाहरणावरून समजून घ्यावे. प्रत्येक कडी आधीच्या कडीमुळे निर्माण झाली आहे. म्हणूनच मधली एक जरी कडी तोडली तरी पुढची साखळी थांबते. पिंपावर घट्ट झाकण आणि आठवड्यातून एकदा ते रिकामे करून घासणे, इतक्याने एक कडी तुटते.

२. कारण काय आहे?

कोणी म्हणतात निसर्ग कोपला, कोणी म्हणतात देवाची अवकृपा झाली. धम्म स्वीकारलेल्या माणसाने या उत्तरावर थांबू नये. कोळसा, पेट्रोल, डिझेल जाळले की कार्बन डायऑक्साइड वायू बाहेर पडतो. हा वायू पृथ्वीची उष्णता अवकाशात जाऊ न देता अडवून धरतो. यंत्रयुगापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे सुमारे २८० भाग होते. आज ते ४२० च्या वर गेले आहेत. यात ओल्या कचऱ्याचाही वाटा आहे. मोशीच्या कचरा डेपोसारख्या ठिकाणी ओला कचरा ढिगाखाली हवेविना कुजला की मिथेन वायू निर्माण होतो. वीस वर्षांचा हिशोब धरला तर तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ऐंशी पट उष्णता अडवितो.

परंतु हा वायू सर्वांनी सारखा सोडलेला नाही. इंधनातून निघणारा कार्बन डायऑक्साइड माणशी मोजला तर भारतात तो वर्षाला सुमारे दोन टन भरतो, जगाची सरासरी साडेचार टनांहून अधिक आहे, आणि अमेरिकेत तो चौदा टनांच्या आसपास आहे. देशाच्या आतही तेच. वातानुकूलित बंगल्यात राहणारा आणि एका पंख्यावर भागविणारा यांचा वाटा एक नाही. ज्याने सर्वांत कमी जाळले, त्याच्याच डोक्यावर पत्रा सर्वांत अधिक तापतो. म्हणून हवामानाचा प्रश्न हा समतेचा प्रश्न आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. जे दिलेले नाही ते घेऊ नये, हे दुसरे शील. पुढच्या पिढीच्या वाट्याची हवा व पाणी आज संपविणे हाही त्या शीलाचा भंगच होय.

३. हे थांबू शकते काय?

थांबू शकते, त्यास आधार आहे. आकाशातील ओझोनचा थर शीतयंत्रांत वापरल्या जाणाऱ्या काही वायूंमुळे विरळ होत होता. हा प्रश्न हवामान बदलापेक्षा वेगळा, पण बोध घेण्यासारखा आहे. १९८७ साली माँट्रियल येथे करार झाला, देशोदेशींनी ते वायू टप्प्याटप्प्याने बंद केले, आणि आज तो थर सावरत आहे. कारण दूर झाले, परिणाम ओसरू लागला.

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. पाटबंधारे व वीज हे विषय त्यांच्याकडे होते. नोव्हेंबर १९४५ मध्ये कटक येथील परिषदेत ओरिसातील पुरांवर बोलताना त्यांनी पुराचे पाणी हे संकट मानण्याचा दृष्टिकोनच चुकीचा ठरविला. माणसे पाण्याच्या अतिरेकापेक्षा पाण्याच्या अभावाने अधिक सोसतात, तेव्हा ते पाणी साठवून लोकांच्या उपयोगी आणावे, असे त्यांनी मांडले. नैसर्गिक आपत्तीपुढे हात जोडून न बसता तिचा अभ्यास करावा आणि योजना आखावी, हा त्यांचा धडा आज आपल्याला हवा आहे.

४. मार्ग कोणता?

(अ) घरात : पत्र्यावर उन्हाळ्यापूर्वी चुन्याचा पांढरा हात द्यावा. पांढरा रंग ऊन परतवितो व आतील उष्णता काही अंशांनी कमी होते. छताचा जुना पंखा ७५ वॅटचा असतो; बीएलडीसी नावाचा नवा पंखा सुमारे ३० वॅटचा. रोज बारा तास चालला तर महिन्याला सुमारे १६ युनिट वाचतात. आपल्याकडची बहुतेक वीज कोळशापासून होते, त्यामुळे एका युनिटमागे पाऊण किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे एका पंख्यामागे महिन्याला बारा किलो वायू कमी आणि बिलही कमी. ओला व सुका कचरा वेगळा ठेवावा. प्लॅस्टिक जाळू नये. वस्तू शेवटपर्यंत वापरावी. कोसंबीच्या उदेन राजाने भदन्त आनंदांना, इतक्या चीवरांचे काय करणार, असे विचारले, तेव्हा जुनी चीवरे अंथरुणाला, मग पायपुसण्याला आणि अखेर चिखलात कालवून लिंपणाला वापरतो, असे त्यांनी सांगितल्याची कथा विनयपिटकात आहे. काटकसर ही आपली जुनी परंपरा आहे.

(आ) विहारात व संस्थेत : १४ एप्रिलची जयंती आणि वैशाख पौर्णिमा हे दोन्ही मंगल दिवस ऐन उन्हाळ्यात येतात. मिरवणूक व सभा सकाळी लवकर किंवा सूर्यास्तानंतर ठेवावी. सावली, पाणी व मीठ-साखरेचे पाणी यांची सोय आधी करावी. उन्हाने कोणी असंबद्ध बोलू लागला किंवा बेशुद्ध पडला तर त्यास सावलीत न्यावे, अंग ओल्या फडक्याने पुसून वारा घालावा आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नये. वस्तीतील एकट्या वृद्धांची यादी करून युवकांनी उष्णतेच्या दिवसांत त्यांच्याकडे रोज फेरी मारावी.

पावसाचाही हिशोब करू. १०० चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस पडला की १०० लिटर पाणी होते. वर्षाला ७०० मिलिमीटर धरले तर ७०,००० लिटर. त्यातील ८० टक्के जरी विंधनविहिरीजवळच्या शोषखड्ड्यात उतरविले तरी ५६,००० लिटर पाणी जमिनीत जाते. वर्षावास आषाढ पौर्णिमेपासून सुरू होतो. पावसाळ्यात फिरताना कोवळी रोपे व लहान जीव तुडविले जाऊ नयेत, हा त्यामागचा एक हेतू होता. सम्राट अशोकांनी रस्त्याकडेला झाडे लावली, विहिरी खोदल्या. त्याच भावनेने वर्षावासात कडुनिंब, करंज, जांभूळ लावावे. पिंपळ अवश्य लावावा, पण भिंतीपासून दूर, मोकळ्या जागेत. आणि लावलेले झाड तीन उन्हाळे जगवावे.

(इ) महानगरपालिकेपुढे : घरातील काटकसरीने सर्व प्रश्न सुटणार नाही. नदीची निळी पूररेषा पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची व लाल रेषा शंभर वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची समजली जाते. घर किंवा गुंठा घेण्यापूर्वी ही रेषा कार्यालयात जाऊन नकाशावर पाहावी. मे २०२५ मध्ये चिखली येथे इंद्रायणीच्या निळ्या रेषेतील ३६ बंगले पाडण्यात आले, हे विसरू नये. २०१० च्या उष्णतेच्या लाटेनंतर अहमदाबादने २०१३ साली उष्णता कृती आराखडा केला. तशाच धर्तीवर मजूर अड्ड्यावर सावली व पाणी, बांधकामावर दुपारची विश्रांती, मोकळे ओढे-नाले आणि पुरेशा बसगाड्या मिळाव्यात, अशी लेखी मागणी संस्थेने करावी. ही याचना नव्हे. पाण्याचा हक्क मिळविण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर उतरलेल्या समाजाला हक्काची भाषा नवी नाही.

विद्यार्थ्यांसाठी अभ्यास

(१) आपल्या घराचे छत मोजून वर्षाला किती लिटर पाणी मिळेल ते काढा.
(२) मे महिन्यात आठ दिवस दुपारी तीन वाजता पत्र्याच्या व स्लॅबच्या घरातील तापमान मोजून तक्ता करा.
(३) पिंप ते कर्ज या साखळीसारखी आपल्या वस्तीतील दुसरी एक साखळी शोधा आणि तिची कोणती कडी आपण तोडू शकतो ते लिहा.

ही उत्तरे वर्षावासातील एखाद्या रविवारी विहारात वाचून दाखवावीत आणि त्यातील एक काम त्याच दिवशी हाती घ्यावे, अशी आमची सर्व उपासक-उपासिकांना नम्र विनंती आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!