मेल पोचवायला पैसे किती मोजावेत?

वर्गणीदार 2000 आणि महिन्याला चार मेल, म्हणजे एकूण 8000. छोटं नियतकालिक, हौशी नाट्यसंस्था किंवा ट्रेकिंगचा ग्रुप चालवणाऱ्यांचा आवाका साधारण एवढाच असतो. अ‍ॅमेझॉन एसईएस या मेल पाठवण्याच्या सेवेचा दर हजार मेलला 10 सेंट आहे. त्या हिशेबाने महिन्याचं बिल 80 सेंट, म्हणजे शंभर रुपयांच्याही आत आणि वर 18 टक्के जीएसटी. मात्र ते चालवायला थोडाफार जाणकार माणूस हवा. तो नसेल तर तयार न्यूजलेटर सेवा घ्यावी लागते. तिथे बऱ्याचदा मेलवर नाही, तर यादीतल्या पत्त्यांवर आकारणी होते. काही ठिकाणी तर ‘नको’ म्हणून बाहेर पडलेलेही मोजतात, तेव्हा पैसे भरण्याआधी ती अट वाचा.

याहून जास्त पैसे मागणारा माणूस बहुधा ‘इनबॉक्सची हमी’ विकत असतो. ही कल्पना जुनीच आहे. 2006 साली अमेरिकेत एओएल आणि याहूने गुडमेल या कंपनीशी हातमिळवणी केली. मेलमागे पाव ते एक सेंट भरा, तुमचा मेल स्पॅमची चाळणी टाळून शिक्क्यासह पोचेल, असा तो सौदा. आपल्या 8000 मेलना तेव्हा महिन्याला 20 ते 80 डॉलर पडले असते. बड्या बँकेला ही रक्कम किरकोळ, पण फुकट पत्रक काढणाऱ्याला ती कुठून परवडणार? शिवाय स्पॅम पाठवणारा त्या खिडकीकडे फिरकणारच नव्हता. भुर्दंड बसणार तो सरळमार्गी माणसालाच. बरीच ओरड झाल्यावर एओएलने धर्मादाय संस्थांसाठी फुकट सोय जाहीर केली. 2011 मध्ये गुडमेलने गाशा गुंडाळला.

आज मेलमागे अशी फी सहसा कोणी लावत नाही. आज हवी असते ती ओळख, आणि ती जवळपास फुकट मिळते. फेब्रुवारी 2024 पासून जीमेल पाठवणाऱ्याची ओळख तपासण्याबाबत कडक झालं आहे. दिवसाला 5000 किंवा त्याहून जास्त मेल जीमेलच्या पत्त्यांवर पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या डोमेनची ओळख पटवणाऱ्या तिन्ही नोंदी सक्तीच्या आहेत. तुम्ही त्या आकड्याच्या खाली असलात तरी तिन्ही करून घ्या. नोंदींना पैसे पडत नाहीत, पण डोमेन स्वतःचं लागतं. जीमेलचा फुकट पत्ता ‘प्रेषक’ म्हणून लावून दुसऱ्या सेवेतून मेल सोडाल, तर तो स्पॅममध्ये जाण्याची शक्यता फार.

नोंदी बसल्या का, हे बघायला स्वतःलाच एक मेल पाठवा. जीमेलमध्ये तो संगणकावर उघडून तीन टिंबांच्या मेनूतून ‘शो ओरिजिनल’ निवडा. वरच्या तक्त्यात तिन्ही नावांपुढे ‘पास’ दिसलं की झालं. एवढ्याच कामाचे कोणी हजारो रुपये सांगितले तर सरळ नाही म्हणा.

मेल पाठवायला स्वतंत्र आयपी पत्ता घेऊ नका. एसईएसवर तो महिन्याला 24.95 डॉलरला पडतो आणि कमी मेल असले की त्याची पत तयारच होत नाही. नावाशेजारी लोगो आणि निळी खूण हवी असेल, तर व्हीएमसी प्रमाणपत्राला वर्षाला हजाराहून जास्त डॉलर लागतात. त्याआधी ट्रेडमार्क हवा. त्याची ऑनलाइन अर्जाची सरकारी फी व्यक्तीला आणि लघुउद्योगाला एका वर्गासाठी 4500 रुपये. एवढं करून इनबॉक्सची हमी नाहीच. स्पॅम पाठवणाऱ्यांच्या काळ्या यादीत नाव गेलं, तर ते काढायला काही याद्या पैसे मागतात. स्पॅमहाऊसची यादी मागत नाही.

खरा खर्च होतो तो यादी नीट ठेवण्याच्या वेळेचा. जीमेलच्या नियमानुसार स्पॅमच्या तक्रारींचं प्रमाण 0.3 टक्क्यांच्या आत हवं. हजार वाचकांत तिघांनी वैतागून ‘स्पॅम’चं बटण दाबलं की तुम्ही काठावर आलात. मोठ्यांच्या लाखांत तीन माणसं हरवून जातात, आपल्या यादीत नाही. हे प्रमाण दाखवणारी गुगलची पोस्टमास्टर टूल्स फुकट आहेत, पण कमी मेल असले की तिथला आलेख बहुधा कोराच राहतो. म्हणून वर्षभर एकही मेल न उघडणाऱ्यांना एकदा विचारा आणि उत्तर आलं नाही तर नावं काढा. ‘यादीतून बाहेर पडा’ ही लिंक तळाशी बारीक अक्षरात न लपवता मजकुराच्या वर ठेवा.