‘एफ्लुएंट’ : शब्दबोध

औषधनिर्मितीच्या संमतिपत्रात येणारा ‘एफ्लुएंट’ हा शब्द लॅटिन ‘एक्स’ (बाहेर) आणि ‘फ्लुएरे’ (वाहणे) यांपासून बनला आहे. अर्थ, बाहेर वाहणारे. आपले ‘स्राव’ व ‘स्रोतस्’ हे शब्द ‘स्रु’ धातूचे. अर्थ जवळचा, कूळ मात्र निराळे. ‘स्रु’चा इंग्रजीतील आप्त ‘स्ट्रीम’ होय.

रुग्णाच्या स्रावास इंग्रजीत ‘डिस्चार्ज’ म्हणतात. ‘एफ्लुएंट’ हा शब्द मुख्यत्वे सांडपाण्याचा. जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९७४ नुसार उद्योगाच्या वा प्रक्रियेच्या जागेतून बाहेर सोडलेला, घरगुती सांडपाण्याहून वेगळा, कोणताही द्रव, वायुरूप वा घन पदार्थ ‘ट्रेड एफ्लुएंट’मध्ये मोडतो.

म्हणून फार्मसीतील क्वाथपात्रांचे धुवण वनस्पतिजन्य असले तरी एफ्लुएंटच ठरते. त्यातील सेंद्रिय द्रव्ये कुजताना पाण्यात विरघळलेला प्राणवायू खर्ची पडतो व जलचर गुदमरतात. कासारवाडीजवळून वाहणारी पवना पुढे दापोडीपाशी मुळेस मिळते. येथे सोडलेले तेथवर जाते. औषधनिर्मात्यांनी चोथा गाळून वेगळा ठेवावा, धुवण प्रक्रियेविना गटारात सोडू नये आणि संमतिपत्रातील या शब्दापुढील रकाना ‘निरंक’ भरण्यापूर्वी हा अर्थ ध्यानी घ्यावा, असे आम्ही सुचवितो.