जुनी नाट्यछायाचित्रे कशी पाहावीत?

नाटक ही क्षणजीवी कला आहे, असे आपण सर्वांनी पहिल्याच वर्षी वाचले आहे. संहिता उरते, प्रयोग मात्र पडद्याबरोबर संपतो. मग होऊन गेलेला प्रयोग पाहायचा कसा? याला मला एकच उत्तर ठाऊक होते, ते म्हणजे जुनी छायाचित्रे. छायाचित्र खोटे बोलत नाही, अशी माझी पक्की समजूत होती. ती समजूत कशी मोडली, हे प्रस्तुत लेखात सांगावयाचे आहे.

विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ नाटकाचा प्रयोग केला. त्याची आठवण म्हणून ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन पाळतात. त्या निमित्ताने आमच्या विभागाने ग्रंथालयात जुन्या नाट्यछायाचित्रांचे छोटेसे प्रदर्शन भरवले होते. चित्रे पुठ्ठ्यांवर चिकटवून त्यांखाली माहितीच्या ओळी लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. त्यांत ‘संगीत मानापमान’ नाटकातील भामिनीच्या वेषातले बालगंधर्वांचे एक चित्र होते. खाडिलकरांच्या या नाटकाचा पहिला प्रयोग १२ मार्च १९११ रोजी मुंबईत झाला. त्याच दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी वारली, तरी ते रंगमंचावर उभे राहिले, ही हकीकत सर्वश्रुत आहे. मी चित्राखाली लिहिले : ‘पहिल्या प्रयोगाची रात्र. डोळ्यांतले दुःख पाहा.’

लोक त्या चित्रापाशी थांबत, हळहळत. मला अगदी कृतकृत्य वाटत होते. इतक्यात आमचे सर आले. त्यांनी ओळ वाचली आणि शांतपणे विचारले, “हा फोटो त्या रात्रीचा आहे, हे तुला कुणी सांगितलं?”

मला उत्तर देता येईना. पुस्तकात चित्राखाली नटाचे व भूमिकेचे नाव तेवढे छापलेले होते. रात्र मी घातली होती आणि डोळ्यांतले दुःखही मीच घातले होते. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. छापील पुस्तकातून घेतले म्हणजे ते खरेच, अशा विश्वासावर मी चाललो होतो. पण पुस्तकात नव्हते तेही मी छापल्यासारखे लिहून ठेवले होते.

त्या रविवारी गावी गेलो. आमच्या भिंतीवर एकच जुना फोटो आहे. आजोबा गावच्या यात्रेतल्या नाटकात स्त्रीपार्ट करीत, तेव्हाचा. तोही नाटक चालू असतानाचाच, असे मी लहानपणापासून धरून चाललो होतो. आजीला विचारले, तर ती हसली. म्हणाली, “रातचा कुठला? दुपारी साळंच्या भितीम्होरं उभं केलं हुतं समद्यास्नी. उन्हानं डोळं बारीक झाल्यात बघ की. आन् ते लुगडं माझं हाय. नेसवलं बी मीच.”

फोटो खाली काढून उजेडात पाहिला. खरोखरच डोळे मिचकावलेले होते आणि सावली पायाशी आखूड पडली होती. इतकी वर्षे तो फोटो डोळ्यांसमोर होता, पण मी तो नीट पाहिला नव्हता.

मग परत येऊन छायाचित्रणाच्या इतिहासाची पुस्तके काढली. छायाचित्रणाची कला १८३९ साली जगापुढे आली, म्हणजे भाव्यांच्या नाटकाआधी चारच वर्षे. परंतु रात्री दिव्यांच्या उजेडात हलत्या माणसाचे चित्र घेणे त्या काळी अशक्यच होते. १८५१ साली काचेवर ओले रसायन लावण्याची पद्धत निघाली. तीत काच ओली असेपर्यंतच चित्र घेऊन धुवावे लागे. किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ १८८० साली रंगभूमीवर आले, त्या सुमारास तयार कोरड्या काचा मिळू लागल्या. तरीही दिव्यांच्या उजेडात चित्र घ्यायचे तर नटाला स्तब्ध उभे राहावे लागे, आणि गाणारा, फिरणारा नट स्तब्ध कसा राहील? मॅग्नेशियमची भुकटी पेटवून लख्ख उजेड पाडण्याची युक्ती १८८७ च्या सुमारास निघाली. पण तिचा भडका व धूर भरल्या नाटकगृहात परवडण्यासारखा नव्हता. हातात मावणारा लायका कॅमेरा १९२५ साली बाजारात आला आणि पुढे वेगवान फिल्म आल्यावर चालू प्रयोगाची चित्रे घेणे सुकर झाले. तेव्हा १९११ च्या काळातील चित्रे बहुतेक दिवसाउजेडी, स्टुडिओत किंवा मुद्दाम उभे राहून घेतलेली असणार, असे धरून चालणे बरे.

असे चित्र हाती आले की मी आता काही गोष्टी क्रमाने पाहतो. पहिली गोष्ट उजेड. तो एका बाजूने मऊ येत असेल, तर ती बहुधा स्टुडिओची खिडकी. दुसरी गोष्ट पायाखालची जमीन आणि मागचा पडदा. तिसरी गोष्ट नजर. नायिका नायकाशी बोलताना कॅमेऱ्याकडे पाहत असेल, तर तो प्रयोग नव्हे. चौथी गोष्ट तारीख. भामिनीची भूमिका बालगंधर्वांनी १९११ साली केली आणि केशवराव भोसले यांच्याबरोबर ८ जुलै १९२१ रोजी झालेल्या संयुक्त ‘मानापमाना’तही केली. नुसत्या वेषावरून चित्राचे वर्ष ठरवता येत नाही.

मग अशी चित्रे निरुपयोगी आहेत काय? मुळीच नाही. आजोबांचा फोटो उभे करून घेतलेला असला, तरी लुगडे खरे होते आणि नेसण्याची तऱ्हाही खरी होती. तसेच येथेही आहे. वेष, दागिने, केशरचना, पुरुषाने स्त्रीसारखे उभे राहण्याची रीत, या गोष्टी चित्रात टिकून राहिल्या आहेत. उंची शालूंसाठी नावाजलेल्या बालगंधर्वांनी गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’मध्ये (१९१९) सिंधूसाठी ठिगळे लावलेले लुगडे नेसले. भामिनी आणि सिंधू यांची चित्रे शेजारी ठेवली, तर एकाच नटाने दोन बायका कशा उभ्या केल्या, याचा अंदाज येतो. आवाज मात्र चित्रात नाही. तो ग्रामोफोनच्या तबकडीत आहे, आणि तिच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटे मावत. ‘वन्स मोअर’ घेत रंगणारे पद त्यात बसवताना आवरते घ्यावे लागे. म्हणून चित्र, तबकडी आणि जुन्या प्रेक्षकांच्या आठवणी एकत्र ताडून पाहाव्या लागतात, आणि तरीही सारा प्रयोग हाती लागत नाही.

मी पुठ्ठ्यावरची ओळ बदलली : ‘बालगंधर्व, भामिनीच्या वेषात.’ त्यानंतर त्या चित्रापाशी पहिल्याइतके लोक थांबले नाहीत, हे कबूल केले पाहिजे. ते मला थोडे लागलेही. परंतु ज्या बापाने ते दुःख खरोखर सोसले, त्याच्या नावावर आपण कल्पनेने डोळे रंगवू नयेत, असे मला आता वाटते.

विद्यार्थिमित्रांना एक विनंती करून थांबतो. आपापल्या घरी असे फोटो असतील, तर सांगणारी माणसे आहेत तोवर विचारून घ्यावे आणि मागे पेन्सिलीने लिहून ठेवावे. आमच्या फोटोच्या मागे मी आजोबांचे नाव लिहिले आणि खाली लिहिले : ‘बहात्तरच्या दुष्काळानंतरची यात्रा. वेळ दुपारची. शाळेची भिंत. लुगडे आजीचे.’