आधी दस्ता बघ, दुर्बीण नंतर

अगं, एवढी गांगरतेस कशाला? कोठीत ४ ली-एनफिल्ड रायफली, बाजूला सुट्या दुर्बिणींची पेटी, आणि कुठली कुणाची ते लावून दे म्हणून साहेबांचं फर्मान. इंग्लंडातल्या त्या गारठ्याच्या तळघरात कुणालाही घाम फुटेल. पण तुला जमणार आहे हे. फक्त त्या पेटीला आधी हातच लावू नकोस.

रायफल घे. नंबर ४ मार्क १ (टी) असेल तर डाव्या अंगाला 'टी' ठोकलेला असतो. दस्ता उलटा कर. खाली 'एस ५१' दिसलं, की समज, दुसऱ्या महायुद्धात हॉलंड अँड हॉलंडने ती स्नायपरसाठी तयार केली. आता दस्त्याच्या मनगटावर, अंगठा टेकतो तिथे, लाकडात एक नंबर दिसेल. तो रायफलचा नाही गं, तिच्या दुर्बिणीचा! रायफलचा नंबर असतो दुर्बिणीच्या ब्रॅकेटवर. खरं सांगू का, मी लाकडावरचाच नंबर रायफलचा म्हणून रजिस्टरात उतरवत सुटले होते. हसू नकोस.

लाकडावर एक नंबर खोडून शेजारी दुसरा ठोकलेला असला तरी लगेच बनावट म्हणू नकोस. दुर्बीण बिघडली की लष्कराच्या कार्यशाळेत दुसरी बसवायचे आणि नवा नंबर ठोकायचे. त्यामुळे १९४३ च्या रायफलवर पुढच्या वर्षांतली दुर्बीण अगदी रीतसर असू शकते. मला तर सगळं चकचकीत जुळलेलं दिसलं, की जास्त शंका येते. ठशाच्या कडा धारदार आणि आतलं लाकूड कोरं पांढरं असेल, तर तो ठसा कालपरवाचा.

मग दुर्बीण. 'नंबर ३२' हे नाव, मार्क, कारखान्याची खूण, साल, सगळं नळीवरच कोरलेलं असतं. भिंगातून ३ पटच मोठं दिसतं, आजच्या मानाने काहीच नाही. मार्क १ मुळात ब्रेन मशीनगनसाठी आखलेली. तिच्या वरच्या ड्रमवर ५०-५० यार्डांचे टप्पे. ती शून्यावर आणायला माणसाला ३ हात हवेत बघ! १९४४ च्या सुमाराच्या मार्क ३ ने तो ताप कमी केला. नळीवरचं जुनं लेखन खोडून 'एल१ए१' कोरलेलं असेल आणि ड्रम मीटरमध्ये असेल, तर ती १९७० च्या सुमाराला ७.६२ मिलिमीटरच्या एल४२ए१ रायफलीसाठी बदललेली. महायुद्धातल्या .३०३ वर ती शोभत नाही, कुणी कितीही पटवू दे.

आणि हे बघ, ड्रम अडला तर पक्कड आणायची नाही, पितळ घासायचं नाही, चिंच-मीठ तर मुळीच नाही. अक्षरं लागत नसतील तर कडेने टॉर्च धर, मोबाइलवर फोटो काढ आणि मोठा करून वाच.