स्टँपपेपरनं जबाबदारी टळत नाही

प्रश्न : पुण्याच्या हद्दीबाहेर आमची चौदा सदनिकांची सोसायटी आहे. ताबा मिळून चार वर्षं झाली, ड्रेनेज लाइन अजून नाही. सेप्टिक टँक दर दोन महिन्यांनी भरतो आणि तळमजल्यावरच्या संडासांतून पाणी उलटं येतं. सक्शन गाडी महाग पडते. एक ठेकेदार दोन मुलं आत उतरवून चार हजारांत सफाई करून देतो म्हणतो. ‘काही झाल्यास जबाबदारी ठेकेदाराची’ असं स्टँपपेपरवर घेतलं तर चालेल का? की जादा पाणी मागच्या ओढ्यात सोडावं?
— सोसायटीच्या सचिव

उत्तर : ओढ्यात अजिबात सोडू नका. तुमची घाण खालच्या वस्तीच्या दारात जाईल.

ताई, स्टँपपेपर सुचला याचा अर्थ आत उतरलेला मुलगा वर येईल की नाही, ही धास्ती तुम्हालाही आहे. ती खरी आहे. टाकीतला हायड्रोजन सल्फाइड वायू वाढला की नाक बधिर होतं, वासही कळत नाही. पहिला कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही जातो. तोंडाला बांधलेला रुमाल इथे कामाचा नाही. हातानं मैला साफ करून घेण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्यानुसार सुरक्षासाधनांशिवाय कुणालाही प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे टाकीत उतरवणं हा अजामीनपात्र गुन्हा आहे. पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ‘अप्रत्यक्षपणे’ या शब्दात ठेकेदारामागची सोसायटीही येते. गोवंडीतल्या एका सोसायटीत डिसेंबर २०१९ मध्ये तिघे असेच गेले. उच्च न्यायालयानं २०२१ मध्ये त्यांच्या पत्नींना प्रत्येकी दहा लाख द्यायला सरकारला सांगितलं आणि ते जबाबदार व्यक्तींकडून वसूल करायची मुभा दिली. सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्ये अशा मृत्यूंसाठीची भरपाई तीस लाखांवर नेली. चार हजारांच्या सौद्यासाठी एवढी जोखीम अंगावर घ्यायची आणि गरिबाच्या पोराचा जीवही टांगायचा? ठेकेदाराला आजच नकार कळवा.

विचारायला हवं होतं ते वेगळंच. टाकी दोन महिन्यांत भरते कशी? गाळ साचायला दोन-तीन वर्षं लागतात. पाणी रोज बाहेर पडून शोषखड्ड्यात मुरायला हवं. म्हणजे तो खड्डा तुंबलाय, लहान पडतोय किंवा बांधलाच नाही. मंजूर नकाशा काढून अभियंत्याकडून तपासून घ्या. दोष निघाला तर बिल्डरला लेखी कळवा. ताब्यापासून पाच वर्षांत कळवलेला बांधकामातला वा सेवांमधला दोष त्यानं तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. न केल्यास महारेराकडे दाद मागता येते. तुमच्या हातात एकच वर्ष आहे, पुढच्या सभेची वाट पाहू नका.

तोवर सक्शन गाडीच बोलवा, खर्च चौदाही घरांत वाटून घ्या. पावत्या जपा, बिल्डरकडे भरपाई मागताना लागतील.