तहानलेली तांबडी पेशी

पाण्याचे मोल सोलापूरकराला सांगावे लागत नाही. आपल्या रक्तातील तांबड्या पेशीच्या आवरणातही पाण्यासाठी खास वाटा असतात. त्या एका प्रथिनाच्या असतात, हे पीटर ॲग्रे यांनी १९९२ साली दाखविले. २००३ साली त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

याच वाटांनी पेशी सुकतेही. विदर्भात व नंदुरबारकडे अधिक आढळणाऱ्या सिकलसेल या आनुवंशिक रोगात पेशीतील पोटॅशियम बाहेर झिरपते, त्यामागोमाग पाणी जाते. आतले सदोष हिमोग्लोबिन दाटते, त्याचे दोरे बनतात आणि पेशी विळ्यासारखी वाकते. अशा पेशी लवकर मरतात, म्हणून रक्तक्षय होतो. बारीक रक्तवाहिनीत अडकल्या की असह्य कळा येतात. म्हणूनच रुग्णाने भरपूर पाणी प्यावे, असे डॉक्टर सांगतात.

पाण्याने मूळ दोष मात्र जात नाही. आईवडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याला रोग होण्याची शक्यता चारांत एक असते. वाहक बहुधा धडधाकट दिसतो. तपासणीशिवाय कळत नाही.

मूल आजारी निघाले की आपल्याकडे बोल सुनेला लागतो. पण दोन्हीकडून सदोष जनुक आल्याशिवाय हा रोग होत नाही. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. पत्रिका पाहणाऱ्या वडीलधाऱ्यांना मी एवढेच सांगणार आहे : आधी दोघांचे रक्त तपासा.